जमिनीत शंकू खुपसून भूकंपाच्या लाटेचा वेग कसा काढतात? सीपीटी आणि शिअर वेव्ह व्हेलॉसिटी, सोप्या भाषेत

तुमच्यापैकी अनेकांच्या अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा अलर्ट देणारं फीचर आहे. भारतात ते सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. हे फीचर एका साध्या गोष्टीवर चालतं: भूकंपाच्या दोन मुख्य लाटा वेगवेगळ्या वेगाने येतात. पहिली पी-लाट, ती वेगवान पण तुलनेने सौम्य. तिच्या मागून येते एस-लाट, म्हणजेच शिअर वेव्ह. ही जमीन आडवी हलवते आणि इमारतींचं जास्त नुकसान साधारण हिच्यामुळेच होतं. या दोघींमधल्या अंतराचा फायदा घेऊन फोन तुम्हाला काही सेकंद आधी सांगतो.

आजचा विषय या एस-लाटेचाच आहे, पण फोनमधला नाही. ही लाट तुमच्या बिल्डिंगखालच्या मातीतून किती वेगाने जाते, हा प्रश्न आहे. आणि तो वेग थेट न मोजता, जमिनीत एक स्टीलचा शंकू दाबून कसा अंदाजतात, ते बघू.

मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मातीशी माझा संबंध गणपतीच्या मूर्तीपुरता. पण मागच्या प्रोजेक्टमध्ये मला जमीन तपासणीच्या फाइली वाचणारं सॉफ्टवेअर लिहायला लागलं आणि त्यात मी एक अशी चूक केली की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. ती गोष्ट पुढे सांगतोच, कारण ती कळली की हा सगळा विषय कळतो.

हा वेग एवढा महत्त्वाचा का?

सतरंजीचं एक टोक धरून झटकलं तर लाट दुसऱ्या टोकाकडे धावते. सतरंजी ताणलेली असेल तर लाट झटकन जाते, सैल असेल तर रेंगाळते. मातीचंही तसंच. घट्ट, ताठ जमिनीत शिअर वेव्ह जोरात जाते, मऊ गाळात हळू. कातळात हा वेग सेकंदाला ७६० मीटरच्या वर, चांगल्या घट्ट मातीत ३००-४०० आणि मऊ गाळात १०० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी.

तुम्ही म्हणाल, मग पी-लाटेचाच वेग का नाही मोजत? कारण पाणी. भूजलाच्या खालची माती पाण्याने भरलेली असते आणि पी-लाट त्या पाण्यातूनच सेकंदाला साधारण १५०० मीटरने निघून जाते. माती मऊ आहे की घट्ट, तिला फारसा फरक पडत नाही. शिअर वेव्ह पाण्यातून जाऊच शकत नाही, तिला मातीच्या कणांचा सांगाडाच लागतो. म्हणून सांगाड्याची खरी खबर तीच देते.

या वेगाचा वर्ग करून त्याला मातीच्या घनतेने गुणलं की मातीचा ताठरपणा मिळतो. इथे "वर्ग" या शब्दावर लक्ष द्या. वेगात २० टक्के चूक झाली तर ताठरपणात ४४ टक्के होते.

मऊ माती भूकंपात काय करते याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मेक्सिको सिटी. १९ सप्टेंबर १९८५ ला ८.० तीव्रतेचा भूकंप झाला, केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब. तरी शहराचा जो भाग जुन्या तलावाच्या गाळावर बांधलेला, तिथल्या इमारती कोसळल्या. हिशोब सोपा आहे: थराची जाडी गुणिले चार, भागिले शिअर वेव्हचा वेग. ३८ मीटर गाळ आणि वेग ७५ धरला तर उत्तर येतं साधारण २ सेकंद. तो गाळ दर दोन सेकंदांनी एक हेलकावा घेत डोलत होता आणि ज्या इमारतींचा स्वतःचा डोलण्याचा ठेका त्याच्या जवळपास होता त्यांना तो झोका लागत गेला.

शंकू म्हणजे नक्की काय?

कोन पेनिट्रेशन टेस्ट, थोडक्यात सीपीटी. सुरुवात १९३० च्या दशकात नेदरलँड्समध्ये झाली. तो देश मऊ मातीवर बसलेला, त्यामुळे त्यांना गरज होतीच. आजचा नेहमीचा शंकू मोठ्या लिंबाएवढ्या जाडीचा असतो: व्यास ३५.७ मिलिमीटर, टोकाचा कोन ६० अंश, आडवं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर. एक जड ट्रक त्याला हायड्रॉलिक जॅकने सेकंदाला २ सेंटिमीटर अशा ठरलेल्या वेगाने खाली ढकलतो. हातोडा नाही, ड्रिल नाही, फक्त दाब.

जाता जाता शंकू तीन गोष्टी मोजतो. टोकाला किती विरोध झाला, तो क्यूसी. टोकामागच्या नळीसारख्या भागावर माती किती घासली, तो एफएस. आणि टोकाच्या लगेच मागे पाण्याचा दाब किती, तो यू-टू. क्यूसी ५ मेगापास्कल आला म्हणजे त्या लिंबाएवढ्या टोकावर जवळपास ५०० किलोचा भार, अडीच बुलेट मोटारसायकली समजा. आणि हे मध्यम वाळूचं सांगतोय, फार घट्ट वाळूचं नाही.

दर एक-दोन सेंटिमीटरला एक नोंद. २० मीटर खोल भोकाच्या हजार-दोन हजार ओळी मिळतात, आणि त्याही अर्ध्या-पाऊण तासात. डेटावाल्या माणसाला आवडेल अशी टेस्ट आहे. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या एसपीटी टेस्टमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून ठोके मोजतात आणि साधारण दीड मीटरला एक आकडा मिळतो. त्यात हातोडा, दोरी आणि ऑपरेटरचा मूड, सगळं मिसळलेलं.

मग लाटेचा वेग कुठून येतो?

एक सरळ मार्ग आहे: शंकूच्या आतच जिओफोन बसवायचा. याला सिस्मिक सीपीटी म्हणतात. कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात १९८० च्या दशकात ही पद्धत नीट आकाराला आली. दर मीटरला शंकू थांबवतात. वर जमिनीवर ट्रकच्या वजनाखाली एक तुळई दाबून धरलेली असते, तिला बाजूने घण मारतात. जमीन आडवी झटकली जाते आणि शिअर वेव्ह खाली निघते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही सिग्नल एकमेकांचे आरसे असतात, ते एकावर एक ठेवले की लाट कधी आली ते ओळखायला सोपं. मला हा जुगाड फार आवडला. सिग्नल प्रोसेसिंगची लायब्ररी नको, फक्त दोनदा घण मारा.

५ मीटरवर लाट ४१ मिलिसेकंदांनी पोचली आणि ६ मीटरवर ४८ ने, तर मधल्या १ मीटरला ७ मिलिसेकंद. म्हणजे वेग सुमारे १४३ मीटर प्रति सेकंद (तिरक्या अंतराची दुरुस्ती वेगळी). आता वेळ वाचण्यात अर्ध्या मिलिसेकंदाची चूक झाली तर? उत्तर १३३ ते १५४ मध्ये कुठेही जाईल. म्हणजे ज्याला आपण "मोजलेला" वेग म्हणतो तोही काही दगडावरची रेघ नाही.

पण दर मीटरला थांबायचं, घण मारायचा, याला वेळ आणि पैसा लागतो. जगात साध्या सीपीटीचा ढीग पडलाय, सिस्मिक सीपीटी त्यामानाने मूठभर. म्हणून लोकांनी विचार केला: जिथे दोन्ही आहेत तिथला डेटा घेऊ, क्यूसी-एफएस आणि वेग यांचं नातं बसवू, आणि मग ते सूत्र साध्या सीपीटीवर चालवू. म्हणजे चक्क रिग्रेशन. मशीन लर्निंगच्या पहिल्या धड्यात जे शिकवतात तेच.

अशी सूत्रं बरीच आहेत. हेगाझी आणि मेन यांचं १९९५ चं, अँड्रस आणि मंडळींचं २००७ चं, रॉबर्टसनचं २००९ चं. रॉबर्टसनमध्ये आधी आयसी नावाचा एक निर्देशांक काढतात. तो सांगतो की माती वाळूसारखी वागतेय की चिकणमातीसारखी, २.६ ही ढोबळ सीमा, खाली वाळू, वर चिकणमाती. मग आयसी आणि टोकाचा विरोध यांतून वेग.

क्राइस्टचर्च: जिथे सगळी सूत्रं जास्त बोलली

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहराला ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. जीवितहानी जवळपास टळली. मग २२ फेब्रुवारी २०११ ला दुपारी १२:५१ वाजता दुसरा, आकड्याने लहान पण शहराच्या अगदी जवळ. १८५ माणसं गेली. शहराच्या पूर्वेकडच्या वस्त्यांमध्ये जमीन पातळ झाली, म्हणजे पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने चिखलासारखी वागू लागली आणि अंगणातून, रस्त्यातून राखाडी गाळ उसळला. जून आणि डिसेंबर २०११ मध्ये पुन्हा तेच. शेवटी सुमारे ८,००० घरांचा भाग राहण्यायोग्य नाही असं ठरवून सरकारने ती घरं विकत घेतली.

कुठे पुन्हा बांधायचं, कुठे नाही, हे ठरवायला शहरात हजारो सीपीटी झाल्या आणि तो डेटा एका सामायिक डेटाबेसमध्ये ठेवला गेला. ही गोष्ट मला भूकंपापेक्षा कमी थरारक वाटत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी केलेल्या टेस्ट एका जागी! आपल्याकडे शेजारच्या दोन बिल्डिंगचे जमिनीचे रिपोर्ट एकमेकांना दिसत नाहीत.

मॅकगॅन, ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८६ ठिकाणांचा सिस्मिक सीपीटी डेटा घेतला आणि आधीची सूत्रं त्यावर तपासली. तपासलेली सगळी सूत्रं वेग जास्त सांगत होती. काही वर, काही खाली असं नाही. सगळी एकाच बाजूला. मग २०१५ मध्ये त्यांनी खास क्राइस्टचर्चसाठी नवं सूत्र छापलं:

वेग = १८.४ × क्यूसी^०.१४४ × एफएस^०.०८३ × खोली^०.२७८

क्यूसी आणि एफएस किलोपास्कलमध्ये, खोली मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात. (^ म्हणजे घात.)

एक काल्पनिक थर घेऊ: ६ मीटर खोल, क्यूसी ५,००० किलोपास्कल, एफएस ३०, भूजल दीड मीटरवर. क्राइस्टचर्चचं सूत्र देतं १३७. अँड्रसचं, नव्या मातीसाठीचं, सुमारे १५५. रॉबर्टसनचं सुमारे १६५. रॉबर्टसन आणि क्राइस्टचर्चच्या ताठरपणात फरक जवळपास ४५ टक्क्यांचा! माती तीच, शंकू तोच, आकडे तेच.

असं का व्हावं? इथे आमच्या टीममधल्या जिओटेक मॅडमनी मला दह्याचं उदाहरण दिलं, तेच देतो. घट्ट लागलेल्या दह्याचं भांडं हलकेच हलवलं तर दही एकसंध थरथरतं. हे झालं शिअर वेव्हचं काम, इतकी बारीक हालचाल की मातीच्या कणांची आपसातली पकड सुटत नाही. आता त्यात चमचा खुपसा. चमच्याने ती पकड मोडून टाकली, आता जो विरोध लागतोय तो मोडलेल्या दह्याचा. हा शंकू. म्हणजे शंकू माती मोडून मोजतो आणि लाट न मोडता. दोन्हींवर घनतेचा आणि वरच्या भाराचा परिणाम होतो, म्हणून त्यांचं नातं जुळतं. पण हजारो वर्षांत कणांमध्ये जी हलकी सांधणी होते, ती लाटेला ठळक दिसते, शंकूला तितकी नाही.

क्राइस्टचर्चची माती भूगर्भाच्या हिशोबाने कोवळी, त्यात भूकंपांनी ढवळलेली. अधमुरं दही! जुन्या मातीवर बसवलेली सूत्रं तिथे ती सांधणी गृहीत धरतात, जी तिथे नाहीच. म्हणून वेग जास्त. अँड्रसच्या सूत्रात मातीच्या वयासाठी वेगळा गुणक आहे तो याच कारणाने.

आता माझी चूक

माझं काम होतं फाइल वाचायची, सूत्र लावायचं, आलेख काढायचा. मी सूत्र कोडमध्ये घातलं, फाइलमधले क्यूसी आणि एफएस दोन्ही मेगापास्कलमध्ये आहेत असं धरून हजारने गुणलं. पहिल्या दहा-बारा फाइलींना ते बरोबरच होतं. पुढच्या फाइली दुसऱ्या मशीनच्या होत्या. त्यात क्यूसी मेगापास्कलमध्ये, पण एफएस आधीच किलोपास्कलमध्ये. हेडरमध्ये लिहिलेलं होतं. मी हेडर वाचतच नव्हतो.

म्हणजे एफएस हजारपट मोठा झाला. एवढी मोठी चूक दिसायला हवी ना? नाही दिसली. कारण एफएसचा घात आहे ०.०८३. हजारचा ०.०८३ घात म्हणजे १.७७. हजारपट चूक आत गेली आणि बाहेर आली पावणेदोनपट होऊन, शहाण्या मुलासारखी. १३७ च्या जागी २४३. आलेख गुळगुळीत, आकडे मातीला शोभतील असे. वीस मीटरपर्यंतची सरासरी १५० हवी होती, ती २६६ दाखवत होती. माझ्या टेस्ट केसेस सगळ्या हिरव्या.

अमेरिकी पद्धतीच्या जुन्या वर्गवारीत वरच्या ३० मीटरचा सरासरी वेग १८० च्या खाली असेल तर जमीन ई वर्गात, १८० ते ३६० असेल तर डी वर्गात. म्हणजे माझ्या कोडने मऊ गाळाला बऱ्या जमिनीचं सर्टिफिकेट देऊन टाकलं होतं. त्यावर कोणी इमारतीचं डिझाइन केलं असतं तर भूकंपाचा जोर कमी धरला गेला असता. आणि रिपोर्ट दोन दिवसांनी जायचा होता.

मॅडमनी आलेखाकडे बघितलंच नाही. त्यांनी विचारलं, "अरे, घर्षणाचं गुणोत्तर कुठंय?" म्हणजे एफएस भागिले क्यूसी, टक्क्यांत. मी म्हटलं, "मॅडम, ते सूत्रात लागत नाही म्हणून छापलं नाही." त्या म्हणाल्या, "छाप." छापलं. वाळूत ते अर्धा-एक टक्का असतं, चिकणमातीत काही टक्के. माझ्याकडे आलं ६०० टक्के. त्या शांतपणे म्हणाल्या, "ही कुठल्या ग्रहावरची माती आहे?"

नंतर मी गंमत म्हणून तोच चुकीचा डेटा रॉबर्टसनच्या सूत्रात घातला. ६ मीटरवरच्या ओल्या वाळूचा वेग आला साडेसातशे, म्हणजे जवळपास कातळ. ते सूत्र ओरडून सांगतं की काहीतरी बिघडलंय. छोट्या घातांचं सूत्र चूक गिळून टाकतं. तेव्हापासून माझ्या कोडमध्ये दोन सूत्रं शेजारी चालतात. उत्तर कुठलंही वापरा, पण दोन्हींत दुपटीचा फरक आला की प्रोग्रॅम थांबतो. घर्षणाचं गुणोत्तर १५ टक्क्यांच्या वर गेलं तरी थांबतो.

सरासरीतला सापळा

वरच्या ३० मीटरची सरासरी काढताना वेगांची बेरीज भागिले तीन असं करायचं नसतं. प्रत्येक थर पार करायला लागलेला वेळ काढायचा, वेळांची बेरीज करायची आणि ३० ला तिने भागायचं. मुंबई-पुणे प्रवासासारखं आहे: एक्स्प्रेसवेवर कितीही पळवा, सरासरी वेग पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये ठरतो. दहा-दहा मीटरचे तीन थर घ्या, वेग १२०, १८० आणि ३००. साधी सरासरी २००, वर्ग डी. वेळेने काढलेली १७४, वर्ग ई. एका ओळीच्या कोडवर वर्ग बदलला.

आणि शंकू ३० मीटरपर्यंत जातोच असं नाही. क्राइस्टचर्चमध्ये तो खालच्या गोट्या-खडीच्या थराला अडतो. मग उरलेल्या खोलीसाठी अंदाज बांधावा लागतो, आणि तो अंदाज आहे हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. शिवाय एफएस मोजणारा भाग टोकाच्या मागे असतो, म्हणून तो आकडा साधारण १० सेंटिमीटर सरकवून क्यूसीशी जुळवावा लागतो. चिकणमातीत यू-टू वापरून क्यूसी दुरुस्त करणं वेगळंच. वाळूत ते सोडलं तर फार बिघडत नाही, मऊ गाळात बिघडतं.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राचा बराच भाग बेसाल्टवर आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. मुरमात शंकू जात नाही, त्यामुळे पुणे-नाशिक-संभाजीनगरकडे सीपीटीचा ट्रक सहसा दिसणार नाही. पण मुंबई, नवी मुंबई, उरणच्या खाडीकाठी मऊ सागरी चिकणमाती आहे आणि तिथे शंकू अगदी सुखाने उतरतो. भूकंपासाठीचं आपलं मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत मातीचे प्रकार मुख्यतः एसपीटीच्या ठोक्यांवर ठरवले होते. सीपीटीसाठी आयएस ४९६८ चा तिसरा भाग आहे.

खाडीच्या चिकणमातीवर क्राइस्टचर्चच्या वाळू-गाळाचं सूत्र चालवू नका, हे आता सांगायला नको. तिथे दोन-चार ठिकाणी तरी सिस्मिक सीपीटी करून आपला स्वतःचा वेग मोजायचा, कुठलं सूत्र त्याच्या जवळ बसतं ते बघायचं आणि मगच बाकीच्या भोकांवर ते लावायचं.

स्वतः करून बघायचं असेल तर फोनमधल्या शीटमध्ये वरचं सूत्र टाका. क्यूसी ५०००, एफएस ३०, खोली ६: उत्तर १३७ यायला हवं. ५१ आलं तर तुम्ही क्यूसी मेगापास्कलमध्ये टाकलाय. ७७ आलं तर एफएस. आणि २४३ आलं तर तुम्ही माझंच कोड लिहिलंय, हेडर वाचा.